मढवलेला फोन

माझा धाकटा मेहुणा चाळिशी उलटल्यावर एकदाचा लग्नाला तयार झाला, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्नाच्या आदल्या दिवशी त्याच्या कोटाची बटणं लावता लावता आमच्या हिला चक्कर आली. सुई हातातच राहिली आणि ही खुर्चीवरून खाली. मेहुणा पुढे महिनाभर सगळ्यांना सांगत सुटला होता, "माझं लग्न ठरलंय यावर ताईचा विश्वासच बसेना, म्हणून पडली." ही शुद्धीवर आली तेव्हा तिने पहिलं काय विचारलं असेल, तर "खालचं बटण राहिलं का?"

डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हृदयाचा ठोका मधूनच चुकतो, म्हणाले. गोळ्या दिल्या. काम बंद करायला सांगितलं नाही, पण फार वेळ एकटं ठेवू नका, म्हणाले. आता हे जमायचं कसं? मी लाकडी सामानाला पॉलिश करणारा. आज याच्या घरचं कपाट, उद्या त्याच्या घरचा पलंग, असा दिवसभर बाहेर. ही शिंप्यांच्या गल्लीत एका जिन्याखालच्या गाळ्यात काज-बटणाचं काम करायची. मुलगा आणि सून शहराच्या दुसऱ्या टोकाला, दोघंही नोकरीवाले.

मुलाने थोड्याच दिवसांत एक फोन आणला. काळा, रबराचा, साबणाच्या वडीएवढा जाड. पाठीवर अंगठ्याएवढं लाल बटण आणि गळ्यात अडकवायला काळा पट्टा. ते बटण दाबून धरलं की फोन आपण होऊन मुलाला लागायचा, त्याने नाही घेतला तर मला, मग मेहुण्याला. शिवाय ही कुठे आहे त्याचा नकाशा सगळ्यांना जायचा. पडला तर फुटत नाही, पाण्यात बुडला तर बिघडत नाही, एकदा चार्ज केला की आठवडाभर बघायला नको. मुलगा एकेक गुण सांगत होता आणि मी मान डोलवत होतो. ही फोन हातात घेऊन उलटसुलट करत होती.

"कसा आहे?" मुलाने विचारलं.

"जुन्या बुटाच्या टाचेसारखा."

"आई, फोन दिसायला नसतो. वापरायला असतो."

"हो का? मग गाडी घेताना पाहिजे तो रंग येईपर्यंत दोन महिने बसने का गेलास?"

सून तोंड फिरवून हसली. मुलगा म्हणाला, "ते वेगळं."

हिचा स्वतःचा एक फोन होता. वापरलेल्या फोनांच्या दुकानातून तो तिने स्वतः निवडला होता. दुकानदार कॅमेरा, मेमरी असं काय काय सांगत होता, आणि ही तो दारापाशी नेऊन उजेडात वाकडातिकडा धरून बघत होती. खऱ्या शिंपल्याच्या बटणाला जो रंग असतो, म्हणजे आधी पांढरा वाटतो, जरा कलला की गुलाबी, आणखी कलला की हिरवट, तो रंग त्या फोनच्या पाठीला होता. कडा इतक्या गोल, की बोट कुठे अडायचं नाही. बाकी कौतुक करावं असं त्यात काही नव्हतं. चार्जिंग दुपारपर्यंत टिकायचं नाही, बोलता बोलता आवाज जायचा, फोटोत माणसं धुरातून चालत आल्यासारखी दिसायची. पण ही तो मलमलच्या तुकड्याने पुसायची आणि काम करताना पाठ वर करून समोर ठेवायची.

घरच्यांनी यामागचं कारण शोधायचा पुष्कळ प्रयत्न केला. सुनेला वाटलं, कुणाची तरी आठवण असणार. मेहुण्याने विचारलं, "ताई, आईच्या एखाद्या साडीचा रंग असा होता का गं?"

"नाही रे. मला तो दिसायला आवडतो."

"पण का?"

"सुंदर आहे म्हणून."

यावर कुणाचंच समाधान होत नसे. एखादी वस्तू सुंदर आहे एवढं कारण लोकांना का पुरत नाही, कोण जाणे.

माझं अगदी उलट. माझ्या फोनची काच कोपऱ्यात तडकलेली, अंगावर पॉलिशचे डाग, मागचं झाकण निघतं म्हणून रबर बँड लावलेला. पण त्याच्यावाचून मी घराबाहेर पाऊल टाकत नसे. अक्षरं शिकलो ती साठीच्या तोंडावर, आणि बरीचशी त्याच फोनवर. अक्षरावर बोट ठेवलं की तो ते बोलून दाखवायचा, बारीक छपाईवर धरला की मोठी करून दाखवायचा. ज्या स्पिरिटच्या डब्यांत आयुष्य गेलं त्यांच्यावर काय लिहिलंय ते मी पहिल्यांदा त्याच्यातून वाचलं. 'आगीपासून दूर ठेवा' असं होतं. ते मला एव्हाना कळलेलंच होतं. फोन दिसतो कसा असं कुणी विचारलं असतं, तर मला आठवून सांगता आलं नसतं.

म्हणून मुलाने आणलेला फोन मला एकदम पटला. गुणाचा होता.

ही तो पहिले काही दिवस गळ्यात घालून गेली. नंतर मी संध्याकाळी घरी आलो की तो दारामागच्या खुंटीला दिसायला लागला.

"परत विसरलीस?" मी विचारायचो.

"राहिला खरा."

असं पाच-सात वेळा झाल्यावर माझा आवाज चढला. "अगं, एवढी बारीक सुई कधी हरवत नाहीस आणि हा धोंडा कसा विसरतेस?"

"विसरत नाही. ठेवून जाते."

"का?"

"कारण तो दवाखान्यासारखा दिसतो. सकाळी गळ्यात घातला की मी आजारी माणूस होऊन घराबाहेर पडते."

"दिसण्याला काय करायचंय? वेळेला उपयोगी पडला म्हणजे झालं."

ही माझ्याकडे बघतच राहिली. "जन्मभर लोकांच्या खुर्च्या चमकवून पोट भरलंत आणि मला विचारताय दिसण्याला काय करायचंय? मग उद्यापासून तसंच कोरडं लाकूड देऊन या. बसता येतं की त्याच्यावर."

याचं उत्तर मला सुचलं ते दोन दिवसांनी, आणि तेही काही फार चांगलं नव्हतं.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. तो पट्टा गळ्यात दिसला की गल्लीतला प्रत्येक जण आधी "काय झालं?" विचारायचा. गिऱ्हाइकं हळू आवाजात बोलायची. आणि कोपऱ्यावरचे मास्तर, गल्लीतले सगळ्यात मोठे शिंपी, ज्यांच्या कोटांवर हिचा गाळा चालायचा, त्यांच्याकडून येणारे गठ्ठे लहान व्हायला लागले. आधी कोट थांबले. मग जाकिटं थांबली. उरले शाळेच्या गणवेशाचे शर्ट.

"मास्तरांना विचार ना सरळ," मी म्हटलं.

"काय विचारू? मी मरायला टेकलेय असं वाटतंय का तुम्हाला, असं?"

त्यातच एका दुपारी मुलाने सहज त्या काळ्या फोनवर फोन लावला. मी त्या दिवशी घरी होतो. फोन खुंटीवर वाजला आणि मी उचलला. संध्याकाळी तो तडक घरी आला. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"आई, माझं कामात लक्ष लागत नाही. उद्यापासून फोन गळ्यात पाहिजे. एक दिवस जरी नसला, तरी मी येऊन गाळ्यातलं सामान घरी आणणार आणि किल्ली मालकाला देणार. बाबा, तुम्ही मध्ये पडू नका."

मी पडणारही नव्हतो. मला त्याचं पटलं होतं. पण हिचं तोंड बघितलं आणि कळलं, की ही दोन्हीकडून अडकलीय. फोन घातला तर मास्तर काम देत नाहीत, नाही घातला तर मुलगा गाळा काढून घेतो. गाळा म्हणजे काय, तर एक काजाचं मशीन, बटणं मढवायचा हातदाब आणि खोक्यांची एक मांडणी. पण मला अक्षर येत नव्हतं तेव्हापासून त्या गाळ्याच्या पाटीवर हिचं नाव होतं.

ही मुलाला "बरं" म्हणाली. जेवणं झाल्यावर चिंध्यांचं बोचकं घेऊन बसली.

कापडाने बटण मढवायचं एक तंत्र आहे. पत्र्याच्या वाटीवर कापडाचा गोल तुकडा ठेवायचा, चारी बाजूंनी ताणून आत घ्यायचा आणि हातदाबाखाली खटकन बसवायचा. ताण असा पाहिजे, की कापडावर सुरकुती दिसता कामा नये. सैल मढवलेलं बटण ही गिऱ्हाइकाच्या तोंडावर फेकायची. म्हणजे दुसऱ्याने मढवलेलं. तिचं स्वतःचं सैल झालेलं मी बघितलं नव्हतं.

कोटाच्या गर्द निळ्या कापडाची तिने त्या फोनला पिशवी शिवली. पुढून पडद्यापुरती चौकट उघडी. पाठीवर त्याच कापडाने मढवलेल्या बटणांची उभी ओळ, आणि त्यातलं मधलं बटण नेमकं त्या लाल बटणावर बसेल असं. काळा पट्टा काढून निळी गोफ वळलेली दोरी लावली. लाल बटण आत आहे हे सांगितल्यावरसुद्धा मला दिसेना. सगळं ढोलकीसारखं ताणलेलं. फोन कपड्यावरच्या दागिन्यासारखा दिसायला लागला. ही आरशासमोर उभी राहिली, दोरी जरा आखूड केली आणि म्हणाली, "मुलाला आता बोल म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी एका घरी जेवणाच्या टेबलाला पॉलिश करत होतो. पहिला हात निम्मा झाला होता. फोन वाजला. मुलगा.

"बाबा, आईने बटण दाबलंय." त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी बोलतोय तर ती बोलत नाही. नुसती घरघर ऐकू येतेय. धाप लागल्यासारखी. थांबते, परत सुरू होते. तुम्ही निघा!"

"तिच्या दुसऱ्या फोनवर—"

"तो बंद आहे. कधी चालू असतो तो!"

मी हातातला बोळा तिथेच टाकला. घरच्या बाईंना काय सांगितलं, आठवत नाही. काही सांगितलं की नाही, तेही आठवत नाही. रस्त्यावर पळता पळता फोन बघितला, तर नकाशावर हिचा ठिपका गल्लीतच होता, हलत नव्हता.

गल्लीच्या तोंडाशी मुलगा टॅक्सीतून उडी मारून उतरत होता. समोरून मेहुणा स्कूटरवर, मागे त्याची नवी बायको, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्यात दुसरी. आम्ही सगळे एकदम गाळ्यावर थडकलो.

ही काजाच्या मशीनवर वाकून बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर. मशीन घरघर चालत होतं, थांबत होतं, पुढचं काज आलं की परत चालत होतं. शेजारी कोटांचा हा एवढा गठ्ठा.

तिने मान वर केली. आम्हा चौघांना बघून तिचा चेहरा उतरला. "अगं बाई! कोण गेलं?"

मुलाने खिशातून आपला फोन काढला. त्यातून या मशीनचीच घरघर येत होती. ही मशीनवर वाकली की ताणलेलं कापड छातीशी दाबलं जात होतं आणि ते बटण आतल्या आत लागत होतं. गळ्यात एकदम काहीतरी केकाटतं म्हणून घंटीचा आवाज तिने त्या सकाळीच बंद केला होता. आणि मुलगा तिकडून जिवाच्या आकांताने मारत होता त्या हाका कापडाच्या आत दबून गेल्या होत्या.

"हे काय केलंस!" मुलाचा बांध फुटला. "हे खेळणं आहे? तुला हृदयाचा त्रास आहे, आई! हृदयाचा! मला वाटलं तू—"

तोवर अख्खी गल्ली गोळा झाली होती. गळ्यात टेप लटकवलेले सगळे शिंपी आपापल्या दारात उभे. जे ही महिनोन्महिने झाकत होती ते मुलाने चव्हाट्यावर मांडलं. हिने डोळे मिटून घेतले.

मुलाने मांडणीवरची एक पिशवी ओढली आणि त्यात रिळं भरायला लागला. "झालं आता. गाळा बंद."

"अरे, कोटांचं काय? आजच आलेत," ही म्हणाली.

"ज्याचे असतील तो घेऊन जाईल."

"माझे आहेत," मागून आवाज आला. कोपऱ्यावरचे मास्तर होते. कात्री तशीच हातात.

ही त्यांच्याकडे वळली. "ऐकलंत ना सगळं, मास्तर? घेऊन जा तुमचा गठ्ठा."

"वहिनी, त्रासाचं मला पहिल्यापासून माहीत होतं. तुमच्या भावाने लग्नानंतर कोट सैल करायला आणला, तेव्हाच सांगितलं."

सगळ्यांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा स्कूटरचा आरसा नीट करायला लागला.

"माहीत होतं, म्हणून काम कमी केलंत?"

"नाही हो." मास्तर अवघडले. "माहीत झाल्यावरही मी कोट पाठवत होतोच की. पण ते काळं लोढणं तुमच्या गळ्यात दिसलं आणि माझा हातच पुढे होईना. पेशंटच्या डोक्यावर ओझं दिल्यासारखं वाटायचं. आज सकाळी तुम्ही त्या निळ्यात आलात, मला वाटलं, चला, उतार पडला. पोराला म्हटलं, जा, वहिनींचे कोट देऊन ये."

"म्हणजे मी तीच, आजार तोच, फोनसुद्धा तोच," ही म्हणाली.

"फोनही तोच?" मास्तर पुढे येऊन वाकून बघायला लागले. "काय सांगता! मला वाटलं, पर्स आहे."

गर्दीत कुणीतरी हसलं. मुलाचा हात पिशवीत तसाच थांबला होता. तो मास्तरांकडे बघत होता, मग गठ्ठ्याकडे, मग आईच्या गळ्याकडे.

"पण हे चालत नाही ना, आई," तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता. "तू झाकलंस आणि बिघडलं."

"बिघडलं कुठे? जरा जास्तच चाललं." हिने दोरी गळ्यातून काढली. "ताण जास्त झालाय. सोडवते. तू बस त्या स्टुलावर आणि रिळं परत मांडणीत ठेव. पांढरं पांढऱ्यात."

मुलगा बसला. रिळंही ठेवायला लागला. पांढरं पांढऱ्यात.

हिने शिवण उसवली. लाल बटणाभोवती दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्याची एक चकती कापून बसवली, म्हणजे वाकलं तरी भार चकतीवर पडेल, बटणावर नाही. मुद्दाम अंगठा रुतवला तरच ते लागेल. मधलं बटण परत मढवलं, या वेळी सैल. त्यावर सुरकुती दिसत होती. ती तिने बोटाने दोनदा सारखी केली, ती परत आली, मग तिने बघणं सोडून दिलं. "आवाज कुठून आत जातो?" तिने मुलाला विचारलं. त्याने फोनच्या बुडाशी बारीक भोकं दाखवली. हिने कापडाला नेमकं तिथे एक काज पाडलं आणि कडा गुंफून घेतल्या, कोटाला करते तसं.

मग तपासणी सुरू झाली. मुलगा गल्लीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. ही मशीनवर वाकली, उठली, गठ्ठा उचलला, परत वाकली. काही झालं नाही. मग तिने अंगठा रुतवला. मुलाचा फोन वाजला.

"आई? बोल."

"काय बोलू? चहा घेणार का?"

तो तिथूनच हसला. कापडाच्या काजातून त्याचं हसणं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. परत आल्यावर तो म्हणाला, "रोज घालशील?"

"हा घालीन. तो नसता घातला."

त्यावर मुलाने वाद घातला नाही, आणि गाळा राहिला. मास्तरांचे कोट चालू झाले. मी त्या घरी परत गेलो, तेव्हा टेबलावर पॉलिश निम्मं वाळून त्यात धूळ बसली होती. सगळं घासून पहिल्यापासून करावं लागलं.

हिने पुढे त्या फोनला आणखी पिशव्या शिवल्या. एक तपकिरी, एक बारीक रेघांची, एक बाहेर कुठे जायचं असेल तर रेशमी. फोनमध्ये रेडिओ होता, उजेडाची बॅटरी होती, पावलं मोजायची सोय होती. यातलं तिने काहीही शिकून घेतलं नाही. शिंपल्याच्या रंगाचा फोन मशीनवर समोर असायचाच, आणि दुपारी बंद पडायचाच. मुलाने एकदा आईचं मन ओळखून तसल्याच रंगाचा नवा फोन आणला, सगळ्या सोयींचा. हिने तो उजेडात धरला आणि म्हणाली, "रंग वर लावलाय. आतून येत नाही." तो सून वापरते. माझ्या फोनलाही हिने रबर बँड काढून एक छान पिशवी शिवली होती. मी दुसऱ्या दिवशी ती काढली, कारण कॅमेरा झाकला जाऊन अक्षरं मोठी दिसेनात. हिने पिशवीत सुया ठेवल्या.

ते बटण तिने खरोखरीचं एकदाच दाबलं. गाळ्यावर भर दुपारी डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा. मुलाला तिचं बोलणं स्वच्छ ऐकू गेलं, त्याने मास्तरांना फोन केला आणि मी पोचायच्या आत मास्तरांनी तिला दवाखान्यात नेलं होतं. आठवडाभराने ती परत गाळ्यावर बसली. या वेळी कुणी गठ्ठा लहान केला नाही.

मुलाची दुसऱ्या शहरात बदली झाली, त्या वर्षी ही गेली. मार्च महिन्यात, गुरुवारी सकाळी, घरी, झोपेतच. मी शेजारी होतो. बुधवारी संध्याकाळपर्यंत तिने गाळ्यावर काम केलं होतं.